ऐलतोरंबी आणि पैलतोरंबी

१ जानेवारी १९७४, मंगळवार. मलकापूर.
सकाळी सहाला उठलो. नवी वही. या वहीत शाळेचं काही लिहायचं नाही. संकल्प एकच: यंदा तोरंबी पुरी करायची.
तोरंबी कुठेही बोलली जात नाही. ती मी केली आहे. बारा वर्षं लागली. मूळ तोरंबीचे शब्द अकराशे चाळीस, सगळे कार्डांवर, बुटांच्या चार खोक्यांत. आता तिच्या दोन शाखा पाडायच्या. नदीच्या अलीकडची ऐलतोरंबी, पलीकडची पैलतोरंबी. लोक दोन काठांना गेले, येणंजाणं थांबलं, उच्चार बदलत गेले. कसे बदलले त्याचे नियम बांधायचे. असं काम आजवर कुणी केलं नसेल. निदान सातारा जिल्ह्यात तरी नसेल.
विजयमालाला हे वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, खोक्यांना झुरळं लागलीत.

९ जानेवारी
मोठा दिवस. पहिला नियम सापडला. मूळ तोरंबीत 'पेनू' म्हणजे घर. ऐलकाठावर शेवटचा स्वर गेला, 'पेन' झालं. पैलकाठावर 'प'चा 'ह' झाला, 'हेनू'. मग तो 'ह'सुद्धा गळाला, 'एनू'. दिवसभर पेनू, हेनू, एनू म्हणत होतो. नववी ब च्या वर्गातही.
विजयमालाने संध्याकाळी काहीतरी विचारलं होतं. जेवताना आठवलं, उत्तर द्यायचं राहिलं. प्रश्न आठवेना. तिला विचारलं, काय म्हणत होतीस? म्हणाली, काही नाही.
तिचा स्वभाव समंजस आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
विजयमालाने तिळगूळ दिला. 'गोड बोला' म्हणाली. मग म्हणाली, नुसतं बोललात तरी चालेल.
हसलो. चांगला विनोद करते. नऊ वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

३ फेब्रुवारी, रविवार
विजयमाला सकाळच्या एस.टी.ने सांगलीला माहेरी गेली. तिच्या आईचं, अंबूबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. पंधरा दिवस लागतील.
मी कार्डं लावत होतो. ती बॅग घेऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, 'जाते.' निघताना आपल्यात 'येते' म्हणतात. नऊ वर्षांत ती कधी चुकली नव्हती. नोंद घेण्यासारखी गोष्ट. घेतली.
स्टँडवर सोडायला जाणार होतो, पण कार्डं पसरलेली होती. वारा सुटला होता.

१९ फेब्रुवारी
पंधरा दिवस झाले. घर शांत. काम झपाट्याने होतंय. दोन स्वरांमधला 'त' पैलतोरंबीत मऊ पडून 'द' होतो आणि पुढे नाहीसा होतो. 'मिता' म्हणजे पाणी. मिता, मिदा, मिआ.
जेवणाची अडचण नाही. घरमालकीण धोंडुबाई भाकरी-कालवण देतात. विधवा बाई, पलीकडच्या सोप्यात राहतात. भाकरी ठेवतात आणि बघत उभ्या राहतात.
उद्या-परवा विजयमाला येईल. आल्यावर हे सगळं तिला दाखवायचं.

४ मार्च
मेहुण्याचं पत्र. भाऊसो सांगलीत एका सोसायटीत कारकून आहे. अक्षर वळणदार. 'आईची पट्टी निघाली. आता बरे दिसते. ताई तयार आहे. आपण केव्हा येता?'
म्हणजे अंबूबाईंचे डोळे बघायला मी यावं अशी इच्छा दिसते. उत्तर टाकलं: 'डोळ्यांबद्दल वाचून आनंद झाला. परीक्षा जवळ आल्या आहेत. नंतर पाहू.'

१० मार्च
धोंडुबाई आज भाकरी ठेवून बसल्याच. म्हणाल्या, 'आवं सर, बाईस्नी न्यायला कवा जाताय?'
म्हटलं, येईल की ती. तिला वाट माहीत आहे.
त्या म्हणाल्या, 'वाट म्हाईत असती वो. माहेरला गेलेली बाई नवऱ्याकडचं मानूस आल्याबिगर उठती व्हय? आपली आपण आली तर भावजय काय म्हनंल, शेजारपाजार काय म्हनंल? टाकलेली म्हंत्याल. तुमी न्यायला गेलाच न्हाई तर तिनं यायचं कसं?'
हे बोलणं चालू असताना मी 'तुमी' टिपलं. तुम्ही, तुमी. 'ह' गळाला. 'म्हणतील'चं 'म्हंत्याल'. बोलीतला बदल डोळ्यांसमोर घडतोय आणि माझ्या नियमाला घरबसल्या पुरावा मिळतोय. त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, जास्त जोरात.
फार उपयुक्त बाई.

२४ मार्च, गुढीपाडवा
गुढी उभारली नाही. तांब्या सापडला नाही.
दादा आला होता. हंबीरराव, थोरला भाऊ. ऊस गेला कारखान्याला, निवांत आहे. चहा मी केला. त्याने अर्धा ठेवला. म्हणाला, 'तुला जमत नसंल तर मी जाऊन तिला घेऊन येतो. थोरल्या दिरानं आनलं तरी चालतंय. मान ऱ्हातो.'
नको म्हटलं. त्याला समजावलं: ही जुनी पद्धत आहे. बाई म्हणजे सामान नव्हे, नेलं आणि आणलं. ती शिकलेली आहे, स्वतंत्र आहे, तिला वाटेल तेव्हा येईल. मी आधुनिक माणूस आहे.
दादाने कपबशी बाजूला सारली. म्हणाला, 'तिला ठावं हाय का ह्ये, तू आदुनिक हायस ते?'
दादा फक्त सातवी शिकला आहे.

११ मे
सुट्टी लागली. आता सांगलीला जाऊन यावं असं ठरवलं होतं. न्यायला म्हणून नव्हे. सहज.
पण रेल्वेचा संप सुरू झाला आहे. देशभर गाड्या बंद. अशा वेळी प्रवास योग्य नाही.
धोंडुबाई म्हणाल्या, 'येष्टी चालू हाय की. तुमी कवा रेल्वेनं गेलाय सांगलीला?'
तत्त्वाचा प्रश्न आहे, असं सांगितलं. संप मिटेपर्यंत पैलतोरंबीची क्रियापदं.

२९ मे
संप मिटला. क्रियापदं मिटली नाहीत.

४ जून, वटपौर्णिमा
बायका वडाकडे चालल्या होत्या. विजयमालानेही सांगलीत पूजा केली असणार. तिकडे वड आहेत.
तिची आजवर आलेली पत्रं तारखेने लावून पाहिली. फेब्रुवारी: आंतर्देशीय, तिन्ही बाजू भरलेल्या, 'जेवणाची आबाळ करू नका', 'कपाटात खालच्या कप्प्यात मेतकूट आहे'. मार्च: आंतर्देशीय, दीड बाजू. एप्रिल: पोस्टकार्ड. मे: पोस्टकार्ड, चार ओळी. परवा आलेलं: 'इकडे सर्व ठीक. तिकडील कळवावे.'
भाषेत याला प्रयत्नलाघव म्हणतात. बोलणारा कमीत कमी कष्टात काम भागवतो. सगळ्या भाषांत होतं. काळजीचं कारण नाही.
मेतकूट पाहिलं. पोरकिडे झाले होते.

१८ जुलै
स्टाफरूममध्ये नाथाजीने खोकं उघडलं. नाथाजी पी.टी. शिकवतो, पंधरा वर्षं फौजेत होता. कार्डं चाळली आणि म्हणाला, 'शिव्या किती हायत रं?'
म्हटलं, एकही नाही.
'मग भांडत्यात कसं तुजं लोक?'
भांडत नाहीत.
'आन बायकूला काय म्हंत्यात?'
पाहिलं. दगडाला सतरा शब्द आहेत. नांगराला सहा. बायकोला नव्हता. सुचलं नव्हतं, दुसरं काही नाही.
नाथाजी म्हणाला, 'गड्या, सीमेवर असताना सा म्हैनं बायकूचं पत्र आलं न्हाई तर आमाला रजा मिळायची. साहेब म्हनायचा, जाव, घर देखके आव. तुला कोन देतंय रजा?'
सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन 'बायको' या अर्थाने एक शब्द घडवला. 'तोली'. ऐलतोरंबीत 'तोल'. पैलतोरंबीतला आज जमला नाही. पुढच्या आठवड्यात पाहू.

२ ऑगस्ट
महत्त्वाचा हिशेब. एका भाषेच्या दोन शाखा एकमेकींना कळेनाशा व्हायला किती काळ लागावा? माझ्या नियमांनुसार चारशे वर्षं. घाईने काही होत नाही. पहिली शंभर वर्षं लोकांना वाटतं, आपण एकच भाषा बोलतोय.
भाऊसोचं पत्र आलंय. अजून फोडलं नाही. हिशेब पुरा झाल्यावर.

३ ऑगस्ट
'आपण गणपतीपर्यंत आलात तर बरे. आईला लोक विचारतात. ताई काही बोलत नाही. आपला, भाऊसो.'
गणपतीत शाळेचा कार्यक्रम असतो. त्यात नाटक बसवणारा मीच. तसं कळवलं. शिवाय लिहिलं की विजयमालाला कधीही यायला माझी हरकत नाही. एवढं स्पष्ट लिहिल्यावर गैरसमज राहायला नको.

१८ ऑगस्ट, रविवार
तीन दिवस सुट्टी. पाऊस. ताप.
शुक्रवारपासून कुणाशी बोललो नाही. धोंडुबाई लेकीकडे गेल्या आहेत. दुपारी घसा साफ करून पाहिला, आवाज निघतो का. निघतो.
वेळ सत्कारणी लावला. दोन पाट समोरासमोर मांडले. या पाटावर बसून ऐलतोरंबीत बोलायचं, उठून त्या पाटावर जायचं आणि पैलतोरंबीत उत्तर द्यायचं. पहिला म्हणाला, पाणी हवं का? दुसऱ्याला कळलं नाही. तो म्हणाला, काय म्हणालास? ते पहिल्याला कळलं नाही. तासभर असं चाललं. एकाचं अक्षर दुसऱ्याला कळलं नाही. दोन्ही शाखा पूर्ण वेगळ्या झाल्या आहेत. प्रयोग यशस्वी.
संध्याकाळी धोंडुबाई परतल्या. दारातून विचारलं, 'कोन पावनं आल्यात? दोन पाट मांडल्यात त्ये?'
कुणी नाही म्हटलं. त्यांनी एक पाट उचलून भिंतीला लावला. पेज करून आणली. ती पिऊन होईपर्यंत बसून राहिल्या. आज काही बोलल्या नाहीत. टिपण्यासारखं काही नव्हतं.

१२ सप्टेंबर
आमंत्रण! मराठी अध्यापकांचं संमेलन, सांगलीत, २० ऑक्टोबर. माझा निबंध स्वीकारला: 'तोरंबी भाषाकुलातील ध्वनिपरिवर्तन'. वेळ अर्धा तास, दुपारी दोन.
एका दगडात दोन पक्षी. निबंध होईल आणि विजयमालाही येईल. भाऊसोला कार्ड टाकलं: 'वीस तारखेला सकाळी येत आहे.' संमेलनाचं लिहायला जागा उरली नाही.
किती दिवसांनी शीळ घातली. धोंडुबाईंना सांगितलं, न्यायला चाललो. त्यांनी हात जोडून देवाकडे बघितलं.

१९ ऑक्टोबर
तयारी पूर्ण. निबंध चौतीस पानं. तक्ते तीन. दोन खोकी बरोबर न्यायची, कुणी शंका काढली तर. धोतर नको, पँट. धोंडुबाईंनी विजयमालासाठी खण दिला आणि बजावलं, 'गेल्या गेल्या म्हना, तुला न्यायला आलोय. आदी त्ये. मग च्या.'
लक्षात ठेवलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार. मलकापूर.
काल घडलं ते क्रमाने लिहितो.
साडेदहाला पोचलो. दारात रांगोळी होती. आत पुरण शिजत होतं. अंबूबाई बाहेर आल्या, मला नीट बघितलं आणि म्हणाल्या, 'जावई दिसाय लागलं. ऑपरेशन कामाला आलं.' भाऊसोने पायांवर पाणी दिलं. दोन शेजारणी उगाच मीठ मागायला आल्या आणि थांबल्या.
विजयमाला आतून आली. हिरवं पातळ. हातात तीच बॅग, भरलेली. अंबूबाईंनी तिची ओटी भरायचं ताट तयार ठेवलं होतं, नारळ, तांदूळ, सगळं. ती बारीक झाली आहे. तिने माझ्या हातातली खोकी बघितली.
म्हणाली, 'न्यायला आलात?'
धोंडुबाईंचं वाक्य मला पाठ होतं. पण मी माणूस म्हणून प्रामाणिक आहे. म्हटलं, 'दोनला संमेलनात माझा निबंध आहे. एवीतेवी आलोच आहे, तर संध्याकाळी बरोबरच जाऊ.'
 शेजारणी मीठ न घेताच गेल्या.
विजयमालाने बॅग खाली ठेवली. म्हणाली, 'निबंध वाचून या. उशीर नको व्हायला.'
म्हणजे रुकार. मी जेवलो. पुरणपोळी उत्तम. ओटीचं ताट कुणीतरी आत नेलं होतं.
निबंध चांगला झाला. श्रोते सात. आधीची भाषणं लांबल्याने मला दहा मिनिटं मिळाली. जतकडच्या एका मुख्याध्यापकांनी विचारलं, ही भाषा आमच्या सीमेकडची का? कानडीसारखी लागते. म्हटलं, ही कुठलीच नाही. त्यांनी विचारलं, मग बोलतं कोण? म्हटलं, कुणी नाही. ते म्हणाले, 'मग दोन काठ कशाला केलेत? एकाच काठावर ठेवायची की सगळी माणसं. कोण अडवणार होतं तुम्हाला?'
अशास्त्रीय प्रश्न. पण उत्तर द्यायच्या आत घंटा वाजली.
पाचला भाऊसोकडे परतलो. विजयमाला नव्हती. ओळखीत कुणाचं तरी बारसं होतं, तिकडे गेली होती. दोरीवर हिरवं पातळ वाळत होतं. भाऊसोने चहा दिला. त्याला विचारलं, बॅग कुठे आहे? म्हणाला, 'रिकामी केली ताईनं.' मग म्हणाला, 'दाजी, मी धाकटा. काय बोलू. आठ महिने तिनं ती बॅग उघडली नव्हती.'
अंबूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. सहाच्या गाडीने निघालो. खण द्यायचा राहिला.
एकूण पाहता फेरी वाया गेली नाही. विजयमालाची प्रकृती बरी आहे. प्रत्यक्ष भेटीने बरंच मोकळं झालं. दिवाळीला ती स्वतःहून येईल.

१४ नोव्हेंबर, दिवाळी पाडवा
आली नाही. सांगलीच्या गाड्यांना आज गर्दी असते, त्यामुळे असेल. तरी स्टँडवर तीन गाड्या पाहिल्या. दुसरं काम होतंच तिकडे. काय ते आता आठवत नाही.
पाडव्याला नवऱ्याला ओवाळतात. धोंडुबाई तबक घेऊन दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या. त्यांनी ओवाळणं बरं दिसलं नसतं. चकल्या ठेवून गेल्या.
पैलतोरंबीत 'तोली'चं काय होतं ते अजून ठरत नाही. नियम लावला तर 'त' राहतो, कारण तो सुरुवातीला आहे. कानाला बरं वाटत नाही. नियम तपासले पाहिजेत.

२८ नोव्हेंबर
विजयमालाचं पत्र. आंतर्देशीय. पुन्हा मोठं पत्र! दारातच फोडलं.
'स. न. वि. वि. बालवाडीत शिक्षिकेची नोकरी धरली आहे. जवळच खोली घेतली. भाऊसोच्या संसारात किती दिवस राहणार. नव्या रेशनकार्डासाठी तिकडच्या कार्डावरून माझे नाव कमी केल्याचा दाखला लागतो. दाखला नाही तर साखर नाही, रॉकेल नाही. सध्या शेजारून मागून आणते. तेवढा पाठवावा. मुले गोड आहेत. सारखी बोलतात. थंडी पडली असेल, दोन शालींपैकी जाड शाल ट्रंकेत आहे. ती घ्यावी.'
नोकरी चांगली. अनुभव येईल. तात्पुरती सोय म्हणून ठीकच आहे.

५ डिसेंबर
ट्रंकेतली शाल काढली.
दाखल्याचं पाहायला हवं. सहामाहीचे पेपर तपासून झाले की.

१६ डिसेंबर
धोंडुबाईंना पत्राचं सांगितलं. पूर्वी त्यांनी एवढं मोठं व्याख्यान दिलं असतं. आज त्या एवढंच म्हणाल्या, 'चुलीला मागून आनलेलं रॉकेल लय दिस पुरत न्हाई, सर. दाखला धाडा.'
त्यात 'लय' होतं, 'न्हाई' होतं. टिपलं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार
अर्धा दिवस रजा टाकून कराडला गेलो. तहसील कचेरी, पुरवठा शाखा. रांगेत तासभर. पुढेमागे माणसं, हातात कार्डं आणि पिशव्या.
कारकुनाने कार्ड उघडलं. दोनच नावं. खालच्या नावावर बोट ठेवून विचारलं, 'हे कमी करायचं? कारण काय लिवू, सर? मयत?'
नाही, नाही म्हटलं.
'मग स्थलांतर. कायमचं का तात्पुरतं?'
तात्पुरतं, म्हणालो.
त्याने टाक खाली ठेवला. चांगला माणूस होता, वैतागला नाही. म्हणाला, 'तात्पुरत्याला दाखला मिळत न्हाई. नाव हितंच ऱ्हातंय मग. त्येस्नी तिकडं रेशन मिळायचं न्हाई. तुमाला चालतंय का तसं?'
मी कार्डावरची दोन्ही नावं पुन्हा वाचली. मागून कुणीतरी म्हणालं, 'उरका की वो गुरुजी, दुकान बंद हुतंय.'
मी म्हणालो, कायमचं.
कारकून म्हणाला, 'जरा मोठ्यानं बोला, सर. ऐकू आलं न्हाई.'
मोठ्याने म्हणालो.